मरवा हे नाव कुठून आलं

माझ्या मुलीचं नाव मरवा होतं. ‘होतं’ लिहिलं म्हणून वाईट काही समजू नका. मुलगी आहे, सुखरूप आहे, पुण्यात चांगल्या नोकरीवर आहे. गेल्या साली तिनं राजपत्रात देऊन नाव बदलून घेतलं, एवढंच झालं. कुणाला सांगितलं तर म्हणतात, त्यात काय, लग्नात बदलतंच की. मी मान हलवते. पण ते नाव आमच्या घरी कसं आलं, कुणाकडून आलं, हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आणि त्यातलं निम्मं तर मलाच गेल्या वर्षीपर्यंत माहीत नव्हतं.

लग्न होऊन मी अचलपूरला आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सासरचे फुलवाले. गावाबाहेर दीड एकराची बाग. तिच्यात शेवंती, झेंडू, निशिगंध आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, मरव्याची रोपं. मरव्याला दिसण्याजोगं फूल येत नाही. बारीक पानांची साधी काडी असते, पण गजऱ्यात तिची दोन पानं गुंफली की फुलांच्या वासाला जोर येतो. नवरा सकाळच्या एसटीनं टोपल्या घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचा आणि मी सासऱ्यांबरोबर ओसरीत गजरे करायची. वर्षभरात मला अंगणवाडीत काम मिळालं. मग सकाळी लेकरं आणि दुपारी फुलं.

अंगणवाडी होती मुसलमान मोहल्ल्याच्या तोंडाशी. तिला लागूनच मणियाराचं, म्हणजे बांगडीवाल्याचं दुकान. दुकानात नवरा-बायको दोघं बसत. बायको माझ्याच वयाची. बांगड्या भरायला तिचा हात इतका हलका की घट्ट बांगडीसुद्धा मनगटावर कधी उतरली ते बाईला कळायचं नाही. माझ्या पहिल्याच आठवड्यात अंगणवाडीतला माठ फुटला. मी तिच्याकडे घागरभर पाणी मागायला गेले. तिनं घागर भरली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

“बाई, आमच्या घरचं पाणी हाये. तुमच्या पोट्ट्याइले चालंन ना?”

“तहान लागल्यावर पाण्याले कोणी जात इचारते काय?” मी म्हटलं.

ती हसली. तिथून आमचं जमलं. रोज येताना मी तिच्यासाठी एक गजरा आणायची. ती तो दुपारभर डोक्यात ठेवायची आणि घरी जाताना ओढणीच्या टोकाला बांधून न्यायची.

तिला मूल हवं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तीनदा दिवस राहून पोट पडलं होतं. चौथ्या वेळी पाचवा महिना लागेपर्यंत तिनं मलाही सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा आधी नावच सांगितलं.

“पोट्टी होईन. नाव बी ठरलं. मरवा.”

मला हसू फुटलं. “अवं, माझ्या धुऱ्यावर उगोते ते! जनावर बी तोंड लावत नाई त्याले.”

तिला राग आला नाही. समोरच्या बाईला बांगड्या भरता भरता तिनं मला गोष्ट सांगितली. मक्केत दोन टेकड्या आहेत, सफा आणि मरवा. एका मायचं तान्हं लेकरू तहानेनं रडत होतं आणि जवळ पाण्याचा थेंब नव्हता. ती माय पाणी शोधत या टेकडीवरून त्या टेकडीवर पळत राहिली. सात वेळा पळाली. मग लेकराच्या पायापाशी झरा लागला.

“शेवटची फेरी मरवावर संपली,” ती म्हणाली. “मी बी सहा वर्सं पळूनच राहिली ना वं. आता संपू दे.”

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासाठी मरव्याची एक मोठी जुडी नेली. तिनं पान चुरगळून वास घेतला, पुन्हा घेतला. “एवढा चांगला वास? अन् तू म्हणतं जनावर खात नाई!” संध्याकाळी तिच्या नवऱ्यालाही तिनं तो वास दिला. तो कमी बोलणारा माणूस; नुसता हसला आणि म्हणाला, “मुबारक नाम है.”

आठव्या महिन्यात तिच्या पोटात दुखायला लागलं. भाड्याच्या जीपमधून तिला अमरावतीला नेलं. मी दुसऱ्या दिवशी एसटीनं भाकरी आणि वरण घेऊन गेले, तेव्हा मुलगी झाली होती. फार लहान होती. काचेतून मला तिची एक मूठ दिसली, बोरापेक्षा थोडी मोठी. मैत्रीण खाटेवर पडून मला विचारत होती, “पाह्यली? रंग कोणावर गेला?” मी म्हटलं, तुझ्यावर.

दुपारी मी खाली चहा आणायला गेले. परत आले तर तिचा नवरा वॉर्डाच्या दारात उभा होता, पांढऱ्या कापडात लेकरू घेऊन. बरोबर त्याचे दोन भाऊ होते. दिवस मावळायच्या आत अचलपूरला पोचून माती द्यायची होती. ते निघून गेले. मी चहाचे दोन पेले हातात धरून तिच्या खाटेशी उभी राहिले. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्या दिवशी मी तिला काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी अमरावतीलाच तिची पिशवी काढावी लागली. आणि नेमके त्याच महिन्यात मला दिवस गेले.

मी तिला सांगू शकले नाही. दुकानासमोरून जाताना मी पदर पुढे ओढून घ्यायची आणि भरभर चालायची. गजराही अंगणवाडीतल्या मदतनीस बाईच्या हाती पाठवायची. असे तीन-चार महिने गेले. एका दुपारी ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली आणि तिनं मोठ्यानं हाक मारली.

“किती दिवस पदर ओढून जाशीन वं? सातवा लागला ना? ये, बस. चुडा भरतो.”

मी बसले. तिनं हिरव्या बांगड्यांचा जोड काढला. माझा हात तिच्या हातात होता आणि मला वर बघवत नव्हतं. पाचवी की सहावी बांगडी चढवताना ती म्हणाली, “पोट्टी झाली तं मरवा ठेवशीन?”

“तुयं नाव हाये ते,” मी म्हटलं.

“रिकामं पडून हाये. कोणाच्या तरी कामी येऊ दे.”

मी हो म्हटलं. एका दिवसाच्या लेकराला नाव देत नसतील, तशीच माती देत असतील, असं मी धरून चालले होते. अंगणवाडीत लेकरांची नावं लिहिणारी बाई मी. पण तिच्या लेकीचं नाव काय ठेवलं होतं, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. खरं सांगायचं तर मला तो येऊ द्यायचा नव्हता.

मुलगी झाली. बारशाला नणंद हिवरखेडहून आली. नाव कानात सांगायचा मान आत्याचा. नाव ऐकून ती पाळण्यापासून मागे सरकली.

“पोरीच्या नावात ‘मर’ कावून ठेवता वं? दुनियेतले नावं सरले काय?”

सासरे दारात विडी ओढत होते. तिथूनच म्हणाले, “चाळीस वर्सं झाले, मी लावून राहिलो मरवा. वाळला तरी वास सोडत नाई. म्हण तू नाव.”

नणंदेनं नाव म्हटलं. माझी मैत्रीण बायकांच्या मागे उभी होती. पाळण्यातल्या मुलीला सगळ्यांनी त्या नावानं हाक मारली, तशी ती ओढणीनं तोंड पुसत “दुकान उघडं हाये” म्हणून निघून गेली. घुगऱ्यासुद्धा घेतल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ती काळ्या मण्यांच्या मनगट्या घेऊन आली, लेकीला मांडीवर घेतलं आणि दोन तास हलली नाही.

ते नाव तेव्हा अख्ख्या तालुक्यात एकटं होतं. शाळेत नाव घालताना मास्तर म्हणाले, “बाई, मरवा पुल्लिंगी आहे. तो मरवा. पोरीचं कसं होईल?” त्यांनी दाखल्यावर परस्पर ‘मारवा’ लिहिलं. मी ते दुरुस्त करून आणलं तर पुढच्या वर्गात ‘मनवा’ झालं. दर दोन वर्षांनी मी शाळेत जाऊन भांडायची. मुलीला मात्र नावाचा तोरा होता. कुणी अर्थ विचारला की ती दोन्ही सांगायची, आधी टेकडी आणि मग पान. टेकडीची गोष्ट तिला खालानं सांगितली होती. माझ्या मैत्रिणीला ती खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. शाळा सुटली की दुकानात जाऊन बसायची, रंगाप्रमाणे बांगड्या लावून ठेवायची, तिथंच जेवायची.

मुलगी आठ वर्षांची असताना ते दोघं अकोल्याला गेले. तिथं दिराचं मोठं दुकान होतं. मग आम्ही दर ईदला अकोल्याला जायचो आणि दिवाळीला ती आमच्याकडे यायची. तिचा नवरा चार वर्षांमागे वारला. आता ती पुतण्याच्या घरी राहते.

आणि मधल्या वर्षांत त्या नावाला काय झालं कोण जाणे, ते पसरलं. पहिली एक आई माझ्याकडे आली आणि लाजत म्हणाली, “बाई, तुमच्या पोट्टीचं नाव आमच्यातलं हाये. मी बी तेच ठेवून राहिली.” मला आनंदच झाला. मग हिवरखेडला नणंदेच्या दिराच्या नातीचं ठेवलं. ज्या नणंदेला ‘मर’ ऐकू आला होता, तिनंच सुचवलं. पुढे घरोघरी मोबाईल आले, कुणाचे भाऊ सौदीला गेले, आणि माझ्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये ते नाव दर वर्षी दिसू लागलं. गेल्या वर्षी चार होत्या. चौघींना ओळखायला मी मोठी मरवा, छोटी मरवा, चष्म्याची मरवा, वेणीची मरवा असं करायची.

माझी मुलगी अमरावतीला शिकली आणि पुण्याला गेली. तिथं खोली बघताना पहिल्यांदा तिला ते नाव आडवं आलं. फोनवर नाव सांगितलं की समोरची बाई आडनाव विचारायची, मग म्हणायची, “हो का, मग ठीक आहे.” मुलगी मला हे हसत सांगायची. ऑफिसात श्रावणात कुणीतरी तिला विचारलं, तुमच्यात चालतं का उपासाचं? तेही हसत सांगितलं. नंतर हसणं कमी झालं. एक स्थळ नांदगाव खंडेश्वरचं आलं होतं, मुलगा चांगला होता. बोलणी पुढे गेली आणि त्याच्या मामानं माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, “पोरीचं नाव असं कसं काय? मागं काही भानगड?” नवरा घरी येऊन जेवला नाही.

मुलीनं आम्हाला न विचारता अर्ज केला. राजपत्राची प्रत आली तेव्हा तिनं फोन केला.

“आई, मला थकायला झालंय. प्रत्येक ठिकाणी आधी पानाचं सांगा, मग मी कोण ते सांगा. आणि सांगितल्यावर समोरच्याला हायसं वाटतं ना, त्याचीच मला लाज वाटते. खालाची आठवण येते. मला ते रोज नको.”

मी तिला रागावले नाही. नवं नाव छान आहे, आजकाल मुलींचं असतं तसं. ती शेवटी म्हणाली, “खालाला तू सांग. माझ्यानं होणार नाही.”

माझ्यानंही चार महिने झालं नाही. फोनवर बोलायचो, मुलीचा विषय निघायचा आणि मी तब्येतीवर जायची. अशात एकदा मी अमरावतीच्या स्टँडवर अचलपूरशेजारच्या परतवाड्याच्या गाडीची वाट बघत होते. मागून एक बाई ओरडली, “मरवा! इधर आ, गाडी लग गई.” मी गर्रकन वळले. पाच-सहा वर्षांची पोर फ्रॉक सावरत माझ्या बाजूनं पळत गेली. माझ्या शेजारच्या माणसानं विचारलं, “बाई, काही हरवलं काय?” मी नाही म्हटलं. गाडीत बसल्यावर मात्र अचलपूर येईपर्यंत माझ्या डोळ्यांचं पाणी थांबलं नाही.

त्या आठवड्यात मी अकोल्याला गेले.

ती खाटेवर बसून मेथी निवडत होती. गुडघे दुखतात म्हणून तिला खाली बसवत नाही. मी समोर बसून मेथी निवडू लागले आणि जे झालं ते सगळं सांगितलं. खोलीचं, स्थळाचं, राजपत्राचं. ती ऐकत होती. मध्येच तिचा हात थांबला.

“मंग आता तिले काय म्हणतेत?”

मी नवं नाव सांगितलं. तिनं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं.

तिनं मेथीची आणखी एक काडी उचलली. मग ती म्हणाली, “तुले एक सांगू? त्या दिवशी, तू चाय आणाले गेली होती, तवा हे वॉर्डाच्या दारात आले. म्हणले, नाम क्या रखना, जनाजे के लिए पूछ रहे. मी मरवा नाई म्हटलं. माझ्या नानीचं नाव सांगून देलं.”

मला समजलं नाही.

“लालच केली मी,” ती म्हणाली. “वाटलं, ही तं चालली. हिले एवढं चांगलं नाव देऊन काय करू? पुढच्या पोट्टीले ठेवू. जे जगंन तिले. मरवा म्हणत म्हणत चार महिने पोटात वागवलं तिले, अन् जाताना दुसऱ्याचं नाव देऊन पाठवलं.” तिनं मेथीची काडी तशीच ताटात टाकली. “पुढची कोणी आलीच नाई. मंग तुले देलं. तुयी पोट्टी दुकानात खेळे, तिले मरवा म्हणो, तं वाटे, चाला, नाव तं वाया नाई गेलं. आता तू म्हणतं तिनं बी काढून टाकलं. मंग माझ्या पोट्टीचंच राहू द्याले पाहिजे होतं ना वं. तिचंच होतं ते.”

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला, पण बोटं मिटली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्याबरोबर अचलपूरला यायला निघाली. पुतण्याची बायको नको म्हणत होती, गुडघे बघा म्हणत होती. तिनं ऐकलं नाही. अकोट, अंजनगाव करत आम्ही दुपारी पोचलो. रिक्षा सरळ कबरस्तानाकडे घ्यायला सांगितली. बायकांनी आत जायचा त्यांच्यात रिवाज नव्हता. लेकीची जागा तिच्या नवऱ्याला आणि त्याच्या भावांनाच माहीत होती आणि त्यांच्यातलं आता कुणी राहिलं नव्हतं. राखण करणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, लहान लेकरांना त्या काळी मागच्या भिंतीकडे माती देत, पण आता तिथं काही ओळखू येत नाही, बाभळी माजल्या आहेत.

आम्ही बाहेरून भिंतीच्या कडेनं मागे गेलो. तिनं दोन्ही हात पसरून दुवा म्हटली. मग भिंतीवर तळहात टेकला आणि हाक मारली, जेवायला बोलावतात तशी.

“मरवा. ए मरवा.”

दोनदाच मारली. मी दोन हात मागे उभी होते. मला पुढे जायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

तिला परत अकोल्याला जायचं होतं, म्हणून रिक्षा स्टँडकडे घेतली. परतवाड्याच्या स्टँडवर गाडी लागायला वेळ होता. मी विचारलं, “पोट्टीवर राग हाये काय तुया?”

“पोट्टीवर? नाई. तिनं काय केलं? तिले जगाचं पाहा लागते.”

“माझ्यावर?”

समोर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “चुडा भरताना तू एक डाव इचारलं असतं ना, की तुया पोट्टीचं नाव काय ठेवलं, तं मी सांगितलं असतं. तवाच रडून घेतलं असतं. तू इचारलं नाई.”

अकोल्याची गाडी लागली. मी तिला खिडकीजवळ बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला, तोही मी केल्यावर.

या मार्चमध्ये मुलीचं लग्न झालं. मुलगा पुण्यातलाच, तिच्या पसंतीचा. पत्रिकेवर नवं नाव छापलं होतं. मी पत्रिका घेऊन अकोल्याला जाऊन आले. मैत्रिणीनं ती दोन्ही हातांनी घेतली, वाचली, येते म्हणाली. लग्नाच्या दिवशी पुतण्या एकटाच आला. चाचीचे गुडघे फार धरलेत, असं त्यानं सांगितलं आणि साडी दिली.

पाठवणीच्या आधी मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “खाला आली नाही. रागावली ना माझ्यावर?”

“नाही,” मी म्हटलं. “तुझ्यावर नाही.”

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. बाहेरून कुणीतरी तिला हाक मारत होतं, नव्या नावानं, आणि पहिली हाक आपल्यालाच आहे हे तिच्याही ध्यानात आलं नाही. दुसऱ्या हाकेला ती गेली. बाकीचं तिला सांगायचं राहिलं, ते अजून राहिलेलंच आहे.